भारी दुर्बीण निवडायचा बरोबर क्रम: शिकार, जंगल आणि डोंगरासाठी

"किती एक्सची, म्हणजे किती पट जवळ दाखवणारी घेऊ?" दुर्बीण घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. माझ्या मते हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, आणि आधीचे दोन न विचारता त्याचं उत्तर दिलं की हमखास गंडतं. मग होतं काय, माणूस हौसेने १२×५० उचलतो, कारण १२ हे १० पेक्षा मोठे आणि ५० हे ४२ पेक्षा मोठे, दोन महिने गळ्यात वागवतो, मान दुखते, चित्र थरथरतं, आणि मग ती जी कपाटात जाते ती जातेच. हे मी स्वतः केलंय, त्यामुळे कुणाला हसायचा मला हक्क नाही.

खाली फक्त वरच्या दर्जाच्या दुर्बिणींबद्दल लिहितोय. स्वस्तातली चुकली तर माणूस बदलून टाकतो, भारीतली चुकली की "एवढे पैसे घातलेत" म्हणून वर्षानुवर्षं तीच वापरत बसतो. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा, उड्या मारल्या की पुढचं सगळं बिघडतं.

टप्पा १: कॅटलॉग उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा

कंपनीचं नाव सध्या डोक्यातून काढा. कागदावर लिहायचं ते एवढंच: तुम्ही दिवसाच्या कुठल्या वेळी बघणार, किती अंतरावरचं बघणार, आणि चालता चालता बघणार की एका जागी बसून.

दाट झाडीत अंतर असतं वीस ते दीडशे मीटर, जनावर दिसतं ते दोन सेकंद, तेही फांद्यांच्या मधून, आणि भर दुपारीसुद्धा खाली उजेड कमीच. इथे रुंद चित्र आणि झटपट फोकस लागतो, मॅग्निफिकेशन जास्त असलं तर उलट अडचणच होते. उघड्या डोंगरावर गोष्ट वेगळी, समोरचा उतार एक-दोन किलोमीटर लांब, तुम्ही दगडाला टेकून दोन तास तो इंच इंच तपासणार, तिथे पॉवर कामाला येते पण ट्रायपॉडवर. आणि मचाणावर बसून पहाट किंवा संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं बघायची असतील तर सगळा खेळ उजेडाचा.

बहुतेकांना तिन्ही हवं असतं. चालेल, पण मग त्यातलं सत्तर टक्के काय करणार ते प्रामाणिकपणे लिहा. वर्षातून एकदा डोंगरावर जाणाऱ्याने डोंगरासाठी दुर्बीण घेऊन बाकीचे दिवस झाडीत तडफडण्यात अर्थ नाही.

सावधान: शिकार जिथे कायद्याने चालते तिथे परवान्याने करणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो, जनावर शोधायला आणि ओळखायला रायफलवरचा स्कोप वापरायचा नाही, कधीच नाही. स्कोप जिकडे वळला तिकडे नळीही वळली, आणि झुडपामागे हललेलं ते माणूसही असू शकतं. नर की मादी, सोबत पिल्लू आहे का, मागे काय आहे, हे सगळं दुर्बिणीने ठरवून झाल्यावरच रायफलला हात लावायचा. त्याचसाठी दुर्बीण चांगली लागते.

टप्पा २: आता स्वतःचा डोळा मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. तीन मापं घ्यायची आहेत.

पहिलं, अंधारात तुमची बाहुली किती उघडते. तरुणपणी ती ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशी-साठीकडे बऱ्याच जणांची ५ च्या आसपास किंवा त्याहून कमीच राहते. मोजायची एक घरगुती युक्ती आहे. ॲलन कीचा सेट घ्या, त्यावर मिलिमीटर लिहिलेले असतात. रात्री अंधारात दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या, मग एक डोळा झाकून दुसऱ्याने एखादा ठळक तारा बघा आणि ५ नंबरची की उभी धरून डोळ्यासमोर अगदी जवळून आडवी सरकवा. की बाहुलीपेक्षा बारीक असेल तर तारा दोन्ही बाजूंनी एकदम दिसतो, जणू दोन तारे. की जाड असेल तर तो मधे पूर्ण गायब होतो. ५ ला दोन दिसले तर ६ घ्या, गायब झाला तर ४ घ्या. थोडा वेळ खेळलात की आपला आकडा कळतो. की गालाला टेकवून धरा, हवेत लटकवून डोळ्यात खुपसून घेऊ नका.

दुसरं, दोन बाहुल्यांमधलं अंतर. चष्म्याच्या दुकानात मोजून मिळतं, किंवा आरशासमोर पट्टी धरा. बहुतेक दुर्बिणी साधारण ५६ ते ७४ मिलिमीटरमध्ये बसतात. तुमचं ५८ च्या खाली असेल तर ५६ मिमी भिंगांच्या जाडजूड दुर्बिणींपासून जपून, कारण त्यांच्या नळ्या एकमेकींना टेकल्या की आणखी जवळ येतच नाहीत, आणि मग दोन डोळ्यांना एकच गोल चित्र मिळत नाही.

तिसरं, चष्मा. फक्त जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघता येतं, फोकसच्या चाकाने तो फरक भरून निघतो. मात्र नंबरात सिलिंडर (तिरकसपणाचा नंबर) असेल तर चाक कितीही फिरवा, ते भरून निघत नाही, चष्मा घालूनच बघावं लागणार. मग आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १६ मिमी बघा, १८ असेल तर निवांत. कागदावरचा आकडा पूर्ण हाताला लागत नाही हेही लक्षात ठेवा, कारण तो काचेपासून मोजलेला असतो आणि काच आयकपच्या (डोळ्याला टेकणाऱ्या वरखाली होणाऱ्या कडीच्या) कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत बसलेली असते.

तपासणी: कागदावर आता वापर आणि तीन मापं दिसली पाहिजेत. नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: आता "किती एक्स"

१०×४२ मधला १० म्हणजे वस्तू दहापट जवळ आल्यासारखी, ८०० मीटरवरचं हरीण ८० मीटरवर असल्यासारखं. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की एक्झिट प्युपिल मिळतं, म्हणजे आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोळ्याची जाडी. १०×४२ चं ४.२, ८×४२ चं ५.२५, ८×३२ चं ४, ८×५६ चं ७, १५×५६ चं ३.७ च्या आसपास.

हा गोळा तुमच्या बाहुलीपेक्षा जाड असेल तर कडेचा प्रकाश बाहुलीबाहेर पडून वाया जातो. समजा तुमची बाहुली ५ मिमीवर थांबते आणि तुम्ही ८×५६ घेतली. आठ गुणिले पाच, चाळीस. म्हणजे अंधारात तुम्ही प्रत्यक्षात ८×४० मधून बघताय आणि गळ्यात मात्र किलोच्या वरचं धूड. डोळा थोडा हलला तरी चित्र जात नाही हा एक फायदा उरतो, पण तेवढ्यासाठी एवढं वजन मी तरी उचलणार नाही. उलट बाहुली ६-७ उघडत असेल आणि काम मचाणावरचं असेल तर ८×५६ ला तोड नाही.

ट्वायलाइट फॅक्टर नावाचा एक आकडाही कॅटलॉगमध्ये असतो, मॅग्निफिकेशन आणि भिंगाचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. ८×४२ चा १८.३, १०×४२ चा २०.५. आकडा मोठा म्हणून लोक भुलतात. आता २०×२० अशी दुर्बीण कल्पा, तिचा फॅक्टर २० येतो, म्हणजे ८×४२ पेक्षा चांगला, आणि एक्झिट प्युपिल फक्त १ मिमी, संध्याकाळी त्यातून काळोखाशिवाय काही दिसायचं नाही. एक्झिट प्युपिल सारखं असलेल्या दोन दुर्बिणींची तुलना करतानाच हा आकडा जरा कामाचा, एरवी सोडून द्या.

८ आणि १० मध्ये लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून इथे जरा थांबतो. दोन्ही ४२ च असतील तर ८ च्या एक्झिट प्युपिलचं क्षेत्रफळ १० च्या दीडपटीहून जास्त, फोकसची खोलीही साधारण तेवढीच जास्त (म्हणजे चाक कमी फिरवावं लागतं), आणि हाताची थरथर कमी. १० ला तपशील जास्त, पण हात स्थिर असेल तरच. दम लागलेला असताना, चढ चढून आल्या आल्या १० हातात धरून बघा, शिंगांची टोकं मोजायची म्हटली तर आधी श्वास मोजावे लागतात.

माझं मत विचाराल तर एकच घ्यायची असेल आणि काम मिश्र असेल तर ८×४२. काम जास्त करून उघड्यावर असेल तर १०×४२. दिवसभर चालणारा आणि मावळतीनंतर घरी परतणारा माणूस असेल तर ८×३२ किंवा १०×३२ पुरते. १२ च्या वर ट्रायपॉड नसेल तर जाऊ नका. ट्रायपॉडवरची १० पॉवर हातातल्या १५ पेक्षा जास्त दाखवते, एकदा करून बघा, विश्वास बसेल. आणि ट्रायपॉडचा विचार असेल तर मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला टोपणाखाली ट्रायपॉड ॲडॅप्टर बसवायचे आटे आहेत का ते आधी बघा, सगळ्यांना नसतात.

सावधान: झूमवाल्या दुर्बिणी, म्हणजे ८ ते २४ वगैरे, या यादीतच धरू नका. दोन नळ्यांचा झूम नेमका सारखा ठेवणं अवघड असतं आणि चित्राची रुंदीही कमी होते.

टप्पा ४: स्पेसिफिकेशनचा कागद कसा वाचायचा

भारी दुर्बिणीच्या कागदावर सगळंच छान छान लिहिलेलं असतं. त्यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं ते सांगतो.

फिल्ड ऑफ व्ह्यू नक्की बघा. १००० मीटरवर किती मीटर रुंदीचं दृश्य दिसतं तो हा आकडा, काही ठिकाणी अंशात देतात, तेव्हा एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मीटर धरा. इथे एकाच दर्जाच्या दुर्बिणींतही मोठा फरक असतो. ८×४२ मध्ये लायका नॉक्टिव्हिडला १३५ मीटर, झाइस व्हिक्टरी एसएफला १४८, स्वारोव्स्की एनएल प्युअरला १५९. १०×४२ मध्ये याच तिघांचे ११२, १२० आणि १३३. म्हणजे सगळ्यात रुंद १० ही सगळ्यात अरुंद ८ च्या जवळपास पोचलीये. झाडीत हलतं जनावर पकडायला हा फरक जाणवतो, एका जागी बसून लांबचा उतार बघताना तेवढा नाही. म्हणून रुंद तेवढी चांगली असं सरसकट नाही, काहींना नॉक्टिव्हिडचे रंग आणि आटोपशीर बांधणी जास्त आवडते आणि ते काही चुकीचं नाही.

प्रिझम, म्हणजे उलटं चित्र सरळ करणारी आतली काच. सरळ नळ्यांच्या भारी दुर्बिणींत दोन जाती, श्मिट-पेखान आणि आबे-क्योनिग. पहिलीत दुर्बीण आखूड होते पण एका पृष्ठभागावर आरशासारखं कोटिंग द्यावं लागतं, ते डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी पातळ थरांचं) असेल तर उजेडाचं नुकसान नगण्य. दुसरीत आरसा लागतच नाही, प्रकाश थोडा जास्त येतो, दुर्बीण जरा लांब होते, म्हणून ती ५६ मिमीवाल्यांत जास्त दिसते. दोन्ही जातींना फेज कोटिंग, म्हणजे चित्राची धार टिकवणारा थर, लागतं, या दर्जात ते असतंच. बीएके-४ काच, नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेलं असणं, फुल्ली मल्टिकोटेड, हे सगळं या दर्जात गृहीतच धरा, विकणारा याच गोष्टी सांगून खूश करत असेल तर समजा की त्याच्याकडे दुसरं सांगण्यासारखं नाही.

ट्रान्समिशन, म्हणजे आत शिरलेल्या उजेडापैकी किती डोळ्यापर्यंत पोचतो, ९० टक्के की ९२, यावरून रात्र रात्र वाद घालणारे लोक आहेत. डोळ्याला तो फरक कळत नाही. चकाकी, म्हणजे आडवा उजेड आत शिरून चित्र पांढुरकं होणं, याचा फरक मात्र कळतो आणि तो कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. तो टप्पा ६ मध्ये.

वजन ग्रॅममध्ये बघा आणि त्यात पट्टा, टोपणं धरा. ४२ ची चांगली दुर्बीण ७०० ते ९०० ग्रॅम, ३२ ची साधारण ५०० ते ६५०. वजनाचा तोल कुठे आहे तेही महत्त्वाचं, पण ते हातात घेतल्यावरच कळतं.

लेझर रेंजफाइंडर आत असलेली घ्यायची का? शिकारीत अंतर मोजावं लागतं आणि एक उपकरण कमी होतं, म्हणून ज्याला रोज लागतं त्याने घ्यावी. बाकीच्यांनी वेगळा छोटा रेंजफाइंडर खिशात ठेवावा, कारण इलेक्ट्रॉनिक्स काही वर्षांत जुनं होतं, काच दशकं टिकते, आणि दोन्ही एकाच डब्यात बांधले की एक बिघडलं तर दोन्ही रिपेअरला.

टप्पा ५: हातात घेतली की आधी सेटिंग, मग मत

इथे सगळ्यात जास्त दुर्बिणी उगाच बदनाम होतात. माझा एक मित्र नवी कोरी दुर्बीण घेऊन आला, म्हणे उजवी बाजू धूसर आहे, सर्व्हिसला पाठवली, "दोष नाही" म्हणून परत आली, तो भडकला. बघतो तर डायॉप्टरची (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी) रिंग पार एका टोकाला, बॅगेत घासून फिरलेली. दोन मिनिटांचं काम होतं आणि गेला महिना.

क्रम असा:

१) आयकप. चष्मा घालून बघणाऱ्यांनी पूर्ण खाली, बाकीच्यांनी पूर्ण वर. बघताना कडेला काळ्या शेंगदाण्याच्या आकाराच्या सावल्या नाचत असतील तर डोळा फार जवळ आहे, एक खटका वर करा. चित्राची गोल कड दिसतच नसेल तर डोळा लांब आहे, एक खटका खाली.

२) बिजागरी उघड-मीट करून दोन गोलांचा एक गोल करा. सिनेमात दाखवतात तसा आडवा आठ दिसत असेल तर अजून जमलं नाही. जमल्यावर बिजागरीवरचा आकडा लक्षात ठेवा.

३) उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर टोपण लावा. डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडेच, एक मिटला की दुसराही आक्रसतो आणि सेटिंग चुकतं. साधारण पन्नास-शंभर मीटरवरची बारीक रेघारेघांची वस्तू निवडा, झाडाची साल उत्तम. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अगदी धारदार करा.

४) आता टोपण डाव्या भिंगावर. मधल्या चाकाला हात लावायचा नाही. फक्त डायॉप्टरने उजवा डोळा धारदार करा. काही मॉडेलमध्ये डायॉप्टर उजव्या आयपीसवर असतो, काहींत मधलं चाक वर ओढल्यावर मोकळा होतो, आधी विचारून घ्या, जोर लावू नका.

५) टोपण काढा, दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि तिसरं-चौथं पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे.

तपासणी: आता दहा मीटरवरचं आणि मग अगदी क्षितिजावरचं काहीतरी, दोन्ही फक्त मधल्या चाकाने फोकस करा. दोन्हीकडे दोन्ही डोळे सारखेच धारदार असले पाहिजेत. जवळ ठीक आणि लांब एक डोळा मऊ पडत असेल तर दोन नळ्यांचा फोकस सोबत सरकत नाहीये, तो नग बाजूला ठेवा.

लांबचा नंबर जास्त असणाऱ्यांनी चष्मा काढून क्षितिज फोकस करून बघा. धारदार झाल्यावर चाक अजून थोडं पुढे जायला हवं. तिथेच अडकलं तर लांबचं कधीच पूर्ण स्पष्ट दिसणार नाही.

टप्पा ६: दुकानाच्या बाहेर काढून बघायच्या परीक्षा

दुकानातल्या दिव्यांखाली समोरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचून काही कळत नाही, तिथे सगळ्याच दुर्बिणी झकास दिसतात. बंद काचेतून बाहेर बघणंही नको, खिडकीची काच चित्र मऊ करते आणि दोष दुर्बिणीला लागतो. दारात या, बाहेर या, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

नळ्या एका रेषेत आहेत का. लांबची एखादी आडवी रेघ, छपराची कड किंवा तार, दोन्ही डोळ्यांनी बघत बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दहा-पंधरा सेंटीमीटर लांब न्या. दोन वेगळे गोल दिसू लागतील. दोन्हींत रेघ एकाच उंचीवर हवी. वरखाली असेल तर नळ्या हललेल्या आहेत, सुरुवातीला मेंदू ते सांभाळून घेतो पण अर्ध्या तासाने डोकं धरतं.

प्रकाशाचा गोळा. हात लांब करून उजेडाकडे धरा आणि आयपीसमधले दोन पांढरे ठिपके बघा. गोल आणि स्वच्छ कडेचे हवेत. कापल्यासारखे दिसले तर आत कुठेतरी प्रकाश अडतोय.

रंगाची किनार. पांढऱ्या ढगाळ आकाशावर काळी फांदी बघा. कडेला जांभळी-हिरवी रेघ किती दिसते? मधोमध दिसायलाच नको. कडेला थोडी सगळ्यांतच असते, त्यावरून भांडू नका.

कडेची धार. चित्राच्या टोकाकडे एखादी वस्तू आणा. मऊ दिसली तर चाक किंचित फिरवा. धारदार झाली तर तो फक्त फिल्डचा वाक आहे, वापरात त्रास देत नाही. फिरवूनही सुधारली नाही तर भिंगाची कमतरता. काही दुर्बिणींत कड अगदी टोकापर्यंत सपाट ठेवलेली असते, पण त्या आडव्या फिरवल्या की समोरचं दृश्य मोठ्या चेंडूवर गुंडाळल्यासारखं घरंगळतं. काहींना ते जाणवतही नाही, काहींना मळमळतं. डावी-उजवीकडे सावकाश दहा वेळा फिरवून बघा, तुम्ही कुठल्या गटात ते तिथेच कळेल.

चकाकी. ही माझी आवडती, कारण इथे महागातल्या महाग दुर्बिणीही उघड्या पडतात. सूर्य कलता असताना, त्याच्या खालच्या बाजूच्या सावलीतल्या उताराकडे किंवा झाडांकडे बघा. सावलीतला तपशील काळा आणि खोल दिसतोय की त्यावर दुधाची साय धरलीये? पहाटे-संध्याकाळी जनावर नेमकं अशाच ठिकाणी उभं असतं.

सावधान: हे करताना सूर्य चित्रात येता कामा नये, क्षणभरही नाही. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य भिंतीच्या किंवा झाडाच्या आड ठेवूनच उभे राहा.

फोकसचं चाक. हातमोजे घालून फिरवा, घालणार असाल तर. दिशा बदलताना चाक फिरतं पण फोकस हलत नाही असा रिकामा खेळ मधे आहे का बघा. आणि पाच मिनिटं सलग डोळ्याला लावून ठेवा, घड्याळ लावून. पहिल्या मिनिटाला सगळ्याच हलक्या वाटतात.

टप्पा ७: संध्याकाळची परीक्षा

शक्य असेल तर दोन शेवटच्या उमेदवार दुर्बिणी घेऊन मावळतीला बाहेर थांबा. लांबची एक निश्चित खूण ठरवा, सालीचा खडबडीत भाग किंवा फिकट अक्षरांची पाटी. मावळल्यानंतर दर पाच मिनिटांनी दोन्हींतून तीच खूण बघा आणि कुठल्या दुर्बिणीत ती आधी पुसट झाली ते लिहा. मधे मोबाइल बघायचा नाही, एकदा स्क्रीन बघितली की सरावलेला डोळा परत शून्यावर. लिहायला कागद आणि मंद लाल टॉर्च.

८×४२ आणि १०×४२ ची अशी तुलना करताना गंमत होते. सुरुवातीला १० जिंकते कारण अक्षर मोठं, आणि मग एका क्षणी ८ पुढे जाते. तो क्षण तुमच्या डोळ्याला कधी येतो हे कुणी दुसरा सांगू शकत नाही.

दुकानदार संध्याकाळी देत नसेल तर दिवसा उभ्या गाडीखालचा अंधार किंवा जिन्याखालचा कोपरा बघा. अगदी तसं नाही, पण काहीतरी कळतं.

टप्पा ८: वापरलेली घेत असाल तर

या दर्जाची दुर्बीण सेकंडहॅंड घेणं शहाणपणाचं असू शकतं, वरच्या सगळ्या परीक्षा करायच्या आणि चार जास्तीच्या. पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही. स्क्रूंची डोकी खरवडलेली असली तर कुणीतरी घरी उघडलेली आहे. बिजागरी सैल होऊन आपोआप मिटत असेल तर पडलेली असण्याची शक्यता. आणि सीरियल नंबर कंपनीला कळवून चोरीची नाही ना, सर्व्हिस मिळेल ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

टप्पा ९: घरी आणल्यावरचे पहिले दिवस

डायॉप्टरचा आकडा आणि बिजागरीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून केसमध्ये ठेवा, किंवा रिंगवर नेलपॉलिशचा टिपका द्या. कुणी मागून घेतली की परत आल्यावर लगेच जागेवर आणता येते.

सोबत आलेला मानेचा पट्टा काढून टाका आणि खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावा. ८०० ग्रॅम मानेवर आणि ८०० ग्रॅम खांद्यांवर यात दिवसाअखेर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि वाकलात तरी ती दगडावर आपटत नाही.

धरायची सवय करा. कोपर छातीला टेकलेली, हात शक्यतो पुढच्या टोकाकडे, आणि टोपी असेल तर अंगठ्याजवळची दोन बोटं टोपीच्या कडेला. थरथर निम्म्यावर येते असं मला तरी वाटतं. आधी डोळ्यांनी जागा धरायची, नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, उलट केलं तर आकाशच शोधत बसाल.

पुसताना पहिली चूक म्हणजे शर्टाचं टोक. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगाच्या द्रवाचे दोन थेंब कापडावर (भिंगावर नाही) आणि हलक्या हाताने. वाळूचा एक कण कोटिंगवर घासला की ओरखडा कायमचा. वॉटरप्रूफ असेल आणि चिखल किंवा खारं पाणी लागलं असेल तर टोपणं काढून नळाच्या हलक्या धारेखाली धुतली तरी चालते, दाबाचा फवारा नको.

आतला नायट्रोजन आतल्या भिंगांना वाफ धरू देत नाही, बाहेरच्या काचेवर तुमच्याच श्वासाची वाफ बसणारच, त्यात दोष काढू नका. थंडीतून उबदार खोलीत आणताना बॅगेत बंद ठेवूनच आणा, तासाभराने उघडा.

दमट दिवसांत चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, त्याचा रंग बदलला की गरम करून परत टाकायचं. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.